शाळेतल्या थेरपिस्टचं काम मोजायला गूगल फॉर्म्स आणि शीट्स कितपत उपयोगी?

स्पीच थेरपिस्ट असो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असो की फिजिओथेरपिस्ट, शाळेत त्यांना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: मुलं किती? या एका आकड्यावर नवं पद मागता येत नाही आणि पगारवाढही. हिशोब करून बघा. ४० मुलं, प्रत्येकाला आठवड्यातून ३० मिनिटांची दोन सत्रं, म्हणजे २,४०० मिनिटं. रोज साडेसहा तास, पाच दिवस शाळा धरली तर हाताशी असतात १,९५० मिनिटं. यात मूल्यमापन, अहवाल आणि पालकांच्या भेटी धरलेल्याच नाहीत. मुलं मोजू नका, सगळं काम मोजा, ही भूमिका अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने शाळांसाठी २००२ मध्येच मांडली. आपल्याकडे तशी नोंद ठेवायला गूगलची ही फुकट जोडी पुरेशी आहे, फक्त मांडणी चुकवू नये.

फॉर्ममध्ये चारच प्रश्न ठेवा: तारीख, कामाचा प्रकार, मिनिटं, शेरा (सत्र बुडालं तर ते आणि त्याचं कारण इथेच). कामाचा प्रकार ड्रॉपडाउनमधूनच निवडायचा: थेट थेरपी, मूल्यमापन, अहवाल व आयईपी (मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा), शिक्षकांशी सल्लामसलत, पालक, साहित्य तयार करणं, दोन शाळांमधला प्रवास, आणि थेरपीबाहेरची ड्यूटी. शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. ऑफ तास (गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर बसणं), बस ड्यूटी, स्नेहसंमेलनाची तयारी यांत गेलेला वेळ एरवी कुठल्याच कागदावर येत नाही. प्रकार हाताने टाइप करायला ठेवला तर कुणी ‘अहवाल’ लिहितं, कुणी ‘रिपोर्ट’, आणि प्रकारवार बेरीज करणारं शीट्समधलं सम-इफ सूत्र त्या दोन वेगळ्या गोष्टी धरतं.

फॉर्म आपोआप वेळ नोंदवतो, पण ती भरल्याची वेळ असते, काम केल्याची नव्हे. म्हणून तारखेचा प्रश्न वेगळा हवाच. मिनिटं साध्या अंकात घ्या. ‘१:३०’ असं लिहिलं की शीट ते घड्याळातली वेळ समजू शकतं आणि बेरीज २४ तासांपुढे गेली की पुन्हा शून्यापासून मोजतं. तो रकाना ‘ड्युरेशन’ फॉरमॅटमध्ये नेला तर हे टळतं, पण साधे अंक जास्त भरवशाचे. बेरजा उत्तरांच्या पानावर करू नका. नवं उत्तर नव्या ओळीत येतं आणि शेजारची सूत्रं तिथवर पोहोचत नाहीत. त्यासाठी वेगळं पान घ्या.

फॉर्म्सची मोठी उणीव म्हणजे इंटरनेटशिवाय उत्तर पाठवता येत नाही. शाळेत रेंज नसेल तर सरळ शीट्सचं अॅप वापरा, फाइल आधी ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा.

मुलांची नावं कुठेही लिहू नका, शेऱ्यातसुद्धा. संकेतांक पुरे. शेअरिंग ‘लिंक असलेला कोणीही’वर ठेवणं तर अक्षम्यच, मुलाच्या निदानाची माहिती आहे ती. फाइल कोणत्या खात्यावर ठेवायची हे सुरुवातीलाच ठरवा. शाळेच्या खात्यावर ठेवली तर नोकरी सोडताना तीही हातची जाऊ शकते, म्हणून नुसत्या तासांची, नावाविना नोंद स्वतःकडे असावी आणि ते व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवावं.

चार आठवडे तरी नोंद हवी, त्यातला एक परीक्षेचा किंवा मूल्यमापनांचा. एका शांत आठवड्याचे आकडे दाखवले तर ते आपल्यावरच उलटतात. मुख्याध्यापकांसमोर पूर्ण शीट उघडू नका. एकच पान न्या: वर प्रकारवार टक्केवारी, खाली न झालेली सत्रं आणि त्यांची कारणं, शेवटी एकच मागणी. उदाहरणार्थ, आठवड्याचे तीन ऑफ तास काढून तो वेळ मूल्यमापनाला द्या. ‘कामाचा ताण फार आहे’ याला उत्तर म्हणून सहानुभूती मिळते. ‘१२ सत्रं बुडाली, त्यातली ९ ऑफ तासांमुळे’ याला निर्णय द्यावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शाळेची जबाबदारी काय, हे त्याच पानावर एका ओळीत लिहा.

बढतीसाठीही हीच फाइल कामी येते. नव्या सहकाऱ्यांना मार्गदर्शन, शिक्षकांसाठी घेतलेल्या कार्यशाळा यांचा प्रकार पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असेल तर तिच्या नूतनीकरणाला सीआरई (सतत पुनर्वसन शिक्षण) गुण लागतात, त्या प्रशिक्षणाचे दिवसही इथेच नोंदवा. भरपगारी रजा मागताना ती यादी हाताशी लागते.