शहराच्या कडेचं घर की मध्यवस्तीतला फ्लॅट: धूर कुठे जास्त?

मी दोन्हीकडे राहिलोय. कडेच्या बंगलीत सहा वर्षं, आता मध्यवस्तीतल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. कार्बनचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

कडेच्या घराची बाजू लंगडी नाही. छत आपलं, त्यामुळे सोलर बसवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. उलट उंच इमारत म्हणजे सिमेंट आणि लोखंड, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. त्यात लिफ्ट आणि पंप आलेच. फ्लॅटच्या बाजूने एवढंच, की भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, म्हणून एसी किंवा हीटर कमी चालवावा लागतो.

माझा निकाल लावला तो दाराशेजारच्या खिळ्यावर लटकणाऱ्या गाडीच्या चावीने. एका रविवारी नळाचा वॉशर आणायला गाडी काढली. आणला तो अर्धा इंची, हवा होता पाऊण इंची. परत गाडी. थंड इंजिन आणि आखूड फेरी, किलोमीटरमागे पेट्रोल जास्त खाणारी हीच जोडी. वर सोलरचा मीटर झोकात पळत होता, खाली मी रिव्हर्स घेत होतो. ऑफिसचं जाणं-येणं ४० किलोमीटर. लिटरला १५ धरले आणि लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, तर दिवसाला सहा किलो झाले. पुढे घरात दुसरी गाडी आली, तेव्हा मी हिशेब सोडून दिला.

हे माझ्यापुरतं असेलही. पण अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर मांडलं होतं: दाट शहरात घरटी उत्सर्जन कमी, पण भोवतालची उपनगरं तो फायदा जवळपास पुसून टाकतात.

घरूनच काम करत असाल, किंवा कडेच्या घराजवळ रेल्वे स्टेशन असेल, तर मी आग्रह धरणार नाही. आणि फ्लॅटमध्ये राहून वर्षातून दोनदा लांबचा विमानप्रवास होणार असेल, तर वॉशरच्या फेऱ्या त्यापुढे काहीच नाहीत. फ्लॅट घ्यायचाच तर शक्यतो जुना बघा. त्याचं सिमेंट ओतून झालेलं असतं. आणि बघायला जाल तेव्हा गाडी लांब लावून आसपास तासभर पायी फिरा.