मृत्युपत्र करून देणाऱ्या वकील मॅडम, कोथरूड: ५ पैकी ४ स्टार

नाव टाकत नाहीये, कारण वकिलांना जाहिरात चालत नाही, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे, आणि मॅडमनी स्वतःच सांगितलं की लिहायचं तर कामाबद्दल लिहा, माझं नाव नको. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी ओळखीच्या लोकांत विचारा, कोथरूडात त्या बऱ्याच जणांना माहीत आहेत.

आमच्याकडे काय होतं ते आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. बाबा ७२, बँकेतून रिटायर, फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, एफडी आणि थोडे म्युच्युअल फंड, आईचे दागिने, वाईजवळ गावाकडे सामाईक जमीन. दादा-वहिनी आईबाबांबरोबर राहतात, मी ठाण्याला, धाकटी बहीण न्यू जर्सीत. आणि आमची आजी म्हणजे बाबांची आई ९४ ची, अजून ठणठणीत, काकांकडे असते. बाबांचं पालुपद एकच, आमच्या घरात कधी भांडणं झाली नाहीत, आपल्याला कशाला हवं मृत्युपत्र. दादाने त्यांना कसंबसं तयार केलं.

मॅडमनी पहिल्या भेटीत मसुद्याचा विषयच काढला नाही. कोरा कागद घेतला आणि बाबांनाच विचारलं, काका, उद्या तुम्ही नसाल आणि कागद नसेल तर फ्लॅट कोणाचा? बाबा म्हणाले हिचा, म्हणजे आईचा. तर नाही! हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, त्यात बायको, मुलगे, मुली आणि आई सगळे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे आई, आम्ही तिघं आणि आजी, पाच वाटे झाले. पुढे आजी गेली की तिचा पाचवा हिस्सा तिच्या मुलांकडे आणि गेलेल्या मुलाच्या पोरांकडे, म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये काका आणि आत्याचं नाव! काका-आत्या देवमाणसं आहेत, मागणार नाहीत काही, पण सही मात्र त्यांची लागणार, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांची लागणार. मॅडम म्हणाल्या भांडण हावरटपणामुळे कमी होतं हो, सह्या गोळा करताना जास्त होतं, एकजण परदेशात, एक आजारी, एकाला वाटतं मला न विचारता चाललंय. बाबा गप्प. मला वाटतं त्या कागदावरच्या पाच फांद्यांनी जे केलं ते आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नसतं.

दुसरा धक्का नॉमिनीचा. बाबांनी सगळीकडे आईला नॉमिनी केलंय त्यामुळे विषय संपला असं घरात सगळे धरून चालले होते. नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो वारसांच्या वतीने पैसे हातात घेतो फक्त. शेअर्स-म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर २०२३ ला हेच सांगितलंय. सोसायटीतही तेच, नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. तरीही नॉमिनेशन भराच म्हणाल्या, कारण त्यामुळे पैसे अडकून पडत नाहीत, आणि आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात.

मग त्यांनी प्रत्येकाला वेगळं बसवलं, आणि ह्या सर्व्हिसचे खरे पैसे इथे वसूल झाले. आईला एकटीला विचारलं तुमच्या दागिन्यांचं काय. आमच्या घरात आईला कोणी असं काही विचारलेलं मला तरी आठवत नाही, तिचंही बाबांच्या मृत्युपत्रात उरकून टाकू असंच चाललं होतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, दागिने त्यांचे, त्यांचं मृत्युपत्र वेगळं. आईने पर्समधून डायरीचं पान काढलं, घरूनच लिहून आणलेलं! पाटल्या आणि तोडे वहिनीला, आजारपणात हिने रात्री जागवल्यात असं कारणासकट. मोहनमाळ मला, ठुशी आणि कुड्या धाकटीला. मॅडमनी एक चांगलं केलं, नुसती यादी नाही टाकली, आईने उद्या मोहनमाळ मोडून दुसरं काही घडवलं तर काय, ते पण एका वाक्यात लिहून घेतलं, आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो सोबत जोडला. नाहीतर "ती माळ म्हणजे हीच का" यावरून पुढे बहिणी-बहिणींत अबोला.

फ्लॅट बाबांना दादाला द्यायचा होता. आईला तहहयात राहण्याचा हक्क, त्यानंतर दादाचा, आणि आम्हा बहिणींना एफडी आणि फंड. आता कोथरूडचा फ्लॅट आणि एफडी यात केवढा फरक आहे ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. मॅडमनी दोन गोष्टी केल्या. एक, कारण मृत्युपत्रात लिहायला लावलं, की मुलगा-सून सांभाळतात, फ्लॅटच्या दुरुस्तीचा आणि दवाखान्याचा खर्च त्याने केलाय वगैरे. दोन, बाबांना म्हणाल्या हे मुलींना तुम्ही जिवंतपणी तोंडाने सांगा, माझ्या ऑफिसात नाही, घरी. बाबांनी रविवारी व्हिडिओ कॉल लावून सांगितलं. मला आत कुठेतरी टोचलं, खोटं कशाला बोलू. धाकटी तर दोन-तीन दिवस ग्रुपवर काही बोललीच नाही, मग तिने बाबांना फोन करून भरपूर प्रश्न विचारले आणि बाबांना उत्तरं द्यावी लागली. हेच प्रश्न बाबांच्या माघारी दादाला विचारले गेले असते आणि त्याने काय उत्तर दिलं असतं, काहीही दिलं तरी संशयच.

दादाने मध्येच विचारलं की बक्षीसपत्रच का नको, आत्ताच नावावर होऊन जाईल. त्यावर मॅडम जरा फटकळच बोलल्या. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की गेलं, मग सांभाळलं नाही म्हणून २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करत बसा. दादाचं तोंड उतरलं, पण मुद्दा बरोबर होता.

स्टार कापला तो जमिनीमुळे. पहिल्या मसुद्यात गट नंबर चुकीचा, आणि "वाई येथील माझी संपूर्ण शेतजमीन" असं ठोकून दिलेलं. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, सातबाऱ्यावर आजी, काका, बाबा आणि आत्या चौघांची नावं, कोणी हक्कसोडपत्र केलेलं नाही, मग संपूर्ण जमीन बाबांची कुठून झाली? बाबांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. आत्याच्या हातात हा कागद पडला असता तर काय झालं असतं. हे दादाने पकडलं, ज्युनिअरने जुन्या फाइलवरून टाइप केलेलं दिसत होतं. मॅडमनी माफी मागून दुरुस्त केलं, पण एवढी फी घेता तर एकदा सातबारा शेजारी ठेवून वाचायला काय होतं? जमिनीचं बाकी काम, फेरफार, वाटप वगैरे त्या करतही नाहीत, ते तुम्ही आणि तुमचा तलाठी.

सह्यांचा दिवस मात्र चोख. दोन साक्षीदार, त्यातले एक आमचे फॅमिली डॉक्टर, त्यांनीच त्याच तारखेचं सर्टिफिकेट दिलं की बाबांची तब्येत आणि समज व्यवस्थित आहे. ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको, आणि आम्हा पोरांना तर सरळ बाहेर बसवलं, उद्या कोणी म्हणायला नको की दडपण आणून सही घेतली. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्युटीही लागत नाही, पण मॅडमच्या सल्ल्याने दुय्यम निबंधकाकडे केली, तिथे फोटो, अंगठा, आणि सर्व्हर डाऊन म्हणून दोन तास बाकड्यावर.

फी दोघांची मिळून १८ हजार, नोंदणीला सोबत येण्याचे वेगळे, ते आधी सांगत नाहीत, विचारून घ्या. नुसता फॉरमॅट हवा असेल तर कोपऱ्यावरचा टायपिंगवाला खूप कमी पैशात देतो, साधी इस्टेट आणि एकच मूल असेल तर कदाचित तेवढं पुरेलही. पण तीन मुलं, एक परदेशात, एक जवळ राहणारं, असं असेल तर इथे जा. आणि जाताना आईला घेऊन जा, बाबांबरोबर नुसती सोबत म्हणून नाही.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पार्किंगचं तर नावच काढू नका. गुडघ्याचा त्रास असेल तर आधी फोन करा, मॅडम घरी येतात, त्याचे जास्तीचे घेत नाहीत. संध्याकाळी सहानंतरची वेळ मागू नका, तेव्हा ज्युनिअरच भेटतो.