चार्म पॅक, लेयर केक, जेली रोल का कापड पेठेतलं कापड: पहिल्या क्विल्टला काय घ्यावं?

घरी मशीनवर ब्लाऊज, परकर, पिशव्या शिवणाऱ्या बायका आता क्विल्टकडं, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीकडं, वळायला लागल्यात आणि जिला तिला हेच विचारायचं असतं, की ऑनलाइन ते कापून तयार आलेले तुकड्यांचे पॅक दिसतात ते घेऊ का सांगलीच्या कापड पेठेतनं मीटरनं कापड आणू. माझं मत आधीच सांगून टाकते. पॅक घ्यायचा तर १० इंची घ्या, आणि पाच-सहा प्रिंटमध्ये भागणार असेल तर पॅक घेऊच नका, पेठेत जा.

पॅक म्हणजे कंपनी तिच्या एका कलेक्शनमधल्या सगळ्या प्रिंटचे एकाच मापाचे तुकडे कापून बांधून देते. ५ बाय ५ इंचाचे चौकोन म्हणजे चार्म पॅक, १० बाय १० चे म्हणजे लेयर केक, आणि अडीच इंच रुंद, कापडाच्या पूर्ण पन्ह्याएवढ्या लांब पट्ट्या गुंडाळलेल्या असतात तो जेली रोल. जेली रोल, लेयर केक ही मोडा कंपनीची नावं, दुसऱ्या कंपन्या तेच माप वेगळ्या नावानं विकतात, म्हणून नाव बघून घेऊ नका, माप बघा आणि नग मोजा. मोडाच्या चौकोनी पॅकमध्ये साधारण ४२ आणि रोलमध्ये ४० पट्ट्या असतात पण बाकी कंपन्यांचे कमी-जास्त येतात. आणि हे सगळं पाव इंच माया धरून कापलेलं असतं हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण ब्लाऊजला आपण भरपूर माया सोडतो आणि हात त्यालाच सरावलेला असतो.

आता चार्म पॅक आणि लेयर केक शेजारी ठेवून बघा. ५ चा चौकोन शिवल्यावर साडेचार इंच राहतो. ४२ चौकोन ६ बाय ७ मांडले तर २७ बाय साडेएकतीस इंच झाले, म्हणजे बाळाचं दुपटं, बास. दुपट्यासाठी चार्म पॅक अगदी छान आहे, नणंदेच्या, भाचीच्या बाळंतविड्यात द्यायला दोन संध्याकाळी काढल्या तरी वरची बाजू जोडून होते. पण सिंगल बेडवर टाकायचं काही करायचं असेल तर चार पॅक लागतात आणि चार पॅकचे पैसे मोजण्यापेक्षा एक लेयर केक परवडतो, कारण १० इंची चौकोन शिवून साडेनऊचा होतो आणि तेच ४२ तुकडे ५७ बाय साडेसहासष्ट इंच भरतात, पोरासोरांना पांघरायला पुरेसं. शिवाय १० इंची तुकडा कापून ५ चे चार होतात, अडीच इंचाचे सोळा होतात, दोन तुकडे तोंडाला तोंड लावून मधे तिरकी रेघ मारली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिवून मग रेघेवर कापलं की दोन-दोन त्रिकोण जोडलेले दोन चौकोनी ब्लॉक मिळतात. मोठ्यातनं लहान होतं, लहानातनं मोठं होत नाही, आणि पहिल्या वेळी डिझाईन काय करायचं हे ठरलेलं नसतं म्हणून मला १० इंची सगळ्यात भरवशाचा वाटतो. एकच सांगते, त्रिकोण कापले की ती बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, होते आणि इस्त्री ओढून फिरवली तर ताणून लांब होते. इस्त्री वरनं दाबायची, उचलायची, परत दाबायची.

जेली रोल दिसायला इतका सुंदर असतो की हात तिकडंच जातो, आणि एका कामाला तो खरंच भारी आहे. सगळ्या पट्ट्या टोकाला टोक जोडत एकच लांब पट्टी करायची, ती साधारण १६०० इंच होते, मग ती मधोमध दुमडून लांब कडेनं शिवायची आणि टोकाची घडी कापायची, पुन्हा दुमडून शिवायची, असं पाचदा केलं की ३२ ओळी होतात आणि साधारण ५० बाय ६४ इंचाचा पृष्ठभाग तयार होतो. चौकोन जुळवायचे नाहीत, कोपरे जुळवायचे नाहीत, म्हणून नवशिक्यांना हाच घ्या असं सांगतात. मला ते पटत नाही. एक तर इतकी लांब शिवण एकाच दिशेनं मारत गेलं की पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात, म्हणून एक शिवण या टोकाकडनं तर पुढची त्या टोकाकडनं मारावी लागते. दुसरं, पाव इंचाची माया जराशी हलली की चौकोनात खपून जाते पण अडीच इंचाच्या पट्टीत लगेच दिसते. आणि पट्ट्यांच्या कडा नागमोडी कापलेल्या असतात, दशा सुटू नयेत म्हणून. तरीही सुटतातच, रोल उघडला की सगळ्या खोलीभर धाग्यांची भुसकटं होतात, तो गॅलरीत उघडा. नागमोडी कडेचं माप टोकापासून धरायचं का खाचेपासून ते पॅकगणिक बदलतं, म्हणून शिवायच्या आधी एक पट्टी स्केलवर ठेवून मोजा, अडीच इंच जिथं भरतंय तीच कड शेवटपर्यंत धरा. ज्यांचा हात सरळ शिवणीत बसलाय त्यांनी जेली रोल जरूर घ्यावा.

फॅट क्वार्टर हा चौथा प्रकार आणि तो आपल्याला पैसे देऊन मागवायची गरजच नाही. अमेरिकेत कापड यार्डात विकतात, पाव यार्ड सरळ कापलं तर ९ इंचाची लांबडी पट्टी हातात येते आणि तिच्यातनं मोठा तुकडा निघत नाही, म्हणून अर्धा यार्ड घेऊन पन्ह्याच्या मधे उभा कापतात आणि १८ बाय २२ चे दोन तुकडे करतात. हेच दुकानात करायचं. ४४ इंची पन्ह्याचं अर्धा मीटर घ्या, पन्हा मधे दुमडून कापा, दोन फॅट क्वार्टर तयार, आणि अर्धा मीटर म्हणजे १९ इंचाच्या वर असल्यानं थोडं जास्तच.

पण इथं एक मेख आहे. अर्धा मीटर म्हणजे १९.७ इंच, आणि १० इंचाचे दोन तुकडे उभे काढायला २० लागतात, तेवढ्या पाव-अर्ध्या इंचानं सगळी आखणी फसते. शिवाय धुतल्यावर सुती कापड आटतं आणि बरेच दुकानदार कात्री न लावता फाडून देतात, मग कड तिरकी येते. म्हणून पेठेत ६० सेंटीमीटर मागा. किनार काढून, आटून सुद्धा एका ६० सेंटीमीटरात १० इंचाचे आठ चौकोन निघतात, सहा प्रिंट घेतली तर ४८ झाले आणि कापड लागलं ३ मीटर ६०. जेली रोलसारख्या पट्ट्या करायच्या तर आठ प्रिंट ३५-३५ सेंटीमीटर घ्या, प्रत्येकातनं पाच पट्ट्या, ४० झाल्या, मात्र याला कापड आधी धुतलं तर ४० सेंटीमीटर धरा. पन्हा आधी विचारा, ३६ इंची असेल तर एका ओळीत तीनच चौकोन बसतात.

मग पॅकला पैसे कशाचे द्यायचे? वेगवेगळ्या प्रिंटचे. एका लेयर केकमध्ये तीस-चाळीस प्रिंट असतात आणि सगळ्या एकमेकींना जुळणाऱ्या, कारण एकाच डिझायनरनं त्या एकत्र काढलेल्या असतात. तेवढ्या प्रिंट दुकानातनं जमवायच्या तर दुकानदार पाव मीटरच्या खाली कापत नाही, ४२ प्रिंट म्हणजे साडेदहा मीटर कापड झालं, आणि वर रंग एकमेकांशी बोलतील याची खात्री नाही ती नाहीच. तुम्हाला तशी बारीक रंगीबेरंगी क्विल्ट हवी असेल, किंवा घरात कटिंग मॅट अंथरायला टेबल नसेल, रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कटर) घ्यायचा नसेल, तर पॅकचे पैसे वसूल आहेत, शिपिंग आणि कस्टम धरून सुद्धा. सहा प्रिंटची गोधडी छान दिसते असं वाटत असेल तर तेच पैसे पेठेत चांगल्या सुती कापडाला घाला.

टेलरकडची कात्रणं फुकट किंवा किलोवर मिळतात म्हणून मोह होतो. आपल्या वाकळा अशाच जुन्या लुगड्या-धोतरांतनं झाल्या आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, पण ते सगळं सुती होतं, आता टेलरच्या पोत्यात निम्मं पॉलिस्टर असतं. एक धागा काढून जाळून बघा, कागद जळल्यासारखा वास आला आणि राख झाली तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर ठेवून द्या. त्यापेक्षा ओटीत आलेले ब्लाऊज पीस बघा! प्रत्येकीच्या कपाटात गठ्ठा पडलेला असतो, पॉपलिन आणि टू बाय टू वेगळे काढा, पातळ असेल त्याला स्टार्च करा, एका पिसातनं १० इंचाचे सहा-आठ तुकडे आरामात निघतात.

धुण्याचा नियम दोन्हीकडं उलटा आहे. मीटरनं आणलेलं कापड कापायच्या आधी भिजवून धुऊन घ्या, लाल आणि निळ्या प्रिंटचा रंग तर पाणी स्वच्छ येईपर्यंत काढा. पॅकमधले तुकडे मात्र कधीही आधी धुऊ नका, आटून माप जातं आणि दशांचा गुंता होतो, ते शिवून झाल्यावरच, पहिल्यांदा एकटं आणि गार पाण्यात. आणि धुतलेलं आणि न धुतलेलं एकाच क्विल्टमध्ये मिसळू नका, पहिल्या धुण्यात अर्धी क्विल्ट आटते आणि चुण्या पडतात.

पॅक कुठलाही घेतला तरी तो फक्त वरच्या बाजूचा असतो. पाठ, आतलं भरण, कडेचा गोट हे सगळं वेगळं, त्याचे पैसे आधीच बाजूला काढा. पाठीला वरच्यापेक्षा चारी बाजूंनी ४-४ इंच जास्त लागतं, लेयर केकच्या मापाला डबलबेडची सुती चादर घेतली की मधे जोड येत नाही, आणि गोटाला अडीच इंची सात पट्ट्या पुरतात, त्या पेठेतनं आणलेल्या एखाद्या गडद साध्या कापडातनं, त्याच ६० सेंटीमीटरात निघतात.