परी-थीमच्या वाढदिवसाचं घरगुती सामान, आठ महिने वापरून झाल्यावर (आणि त्या एका बटणाबद्दल)

लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण आळस. गेल्या आठवड्यात लेकीच्या चादरीच्या तंबूतली लाइटची माळ बंद पडली, डबी उघडून बघतो तर सेलच्या टोकांवर पांढरी खरखरीत पूड साठलेली आणि स्प्रिंग हिरवी पडलेली. म्हणलं आता लिहून टाकूच, नाहीतर पुढचा वाढदिवस येईल.

लेक पाच वर्षांची झाली तेव्हा तिला परीचा वाढदिवस हवा होता. तयार सेट बघितले, पंख, छडी, मुकुट, मागचा पडदा, आणि त्याला मुलांच्या डोक्यांनी गुणलं तर माझंच डोकं गरगरलं. मी बोलून गेलो की हे सगळं घरी होईल. बायको एवढंच म्हणाली, "होईल की, पण तू करायचंस." मग काय, तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मी कात्री घेऊन बसायचो. बारा मुलं येणार होती. त्यातलं काय टिकलं नि काय कचऱ्यात गेलं ते सांगतो, पण सुरुवात माळांपासून, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

मोठ्या माळा दोन घेतल्या. तांब्याच्या बारीक तारेच्या, दहा मीटर, शंभर एलईडी, तीन डबल ए पेन्सिल सेलवर चालणाऱ्या. उजेड झकास, अजिबात तापत नाहीत, जाळीच्या कापडामागे सोडल्या की भिंत ओळखू येत नाही. तक्रार बटणाची. एकच बटण आणि आठ मोड, आणि स्थिर उजेड हा आठवा! म्हणजे लावली की आधी लुकलुकते, मग लाट येते, मग हळूहळू विझते, मग वेड्यासारखी उघडझाप करते, असं करत करत आठव्यांदा दाबल्यावर बाई एकदाच्या शांत होतात. हात जड पडून नववं दाबलं गेलं तर बंद, परत एकपासून. काल कशी लावली होती हे तिला आज आठवत नाही. वाढदिवसाच्या संध्याकाळी दोन्ही डब्या पडद्याच्या दांडीवर होत्या, मी स्टुलावर चढून सोळा वेळा दाबत होतो आणि खाली बारा मुलं "परत लुकलुक करा काका" म्हणून ओरडत होती. नंतर एक माळ तंबूत गेली, तिथे रोज रात्री गोष्ट वाचताना आठ वेळा. आठ महिन्यांचे दिवस गुणून बघा, दोन हजाराच्या आसपास दाबलंय मी ते बटण. धाकटा त्याच्यावरच आकडे शिकतोय, "एक, दोन, चार, आठ" म्हणतो.

विक्रेत्याला लिहिलं की चालू-बंदचा साधा खटका का नाही देत. उत्तर आलं, आठ मोड हे या प्रॉडक्टचं खास वैशिष्ट्य आहे. परत लिहिलं तर रेटिंग द्यायची विनंती आली. दिले दोन स्टार.

आता इथे मला माझंच मत बदलावं लागतंय. हा रिव्ह्यू मी मनात लिहिला होता तेव्हा त्यात असं होतं की मोठ्या माळा भंकस, छोट्या घ्या. छोट्या म्हणजे दोन मीटरच्या, वीस एलईडी, नाण्याएवढ्या डबीत दोन चपटे सेल. सरकवायचा खटका, एकच मोड, माझ्या स्वप्नातली माळ. बारा आणल्या होत्या. प्रत्येक मुलाला घरी जाताना 'परीची बरणी' द्यायची, प्लॅस्टिकच्या बरणीत माळ आणि एक कागदी परी, असा बेत होता.

आदल्या रात्री बरण्या भरताना एका डबीचं झाकण नखाने उघडलं. नखाने! स्क्रू वगैरे काही नाही. मी सगळ्या डब्या उघडून सेल मोजले, बारा माळांचे चोवीस हवे होते, तेवीस भरले. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा, दिवसभर त्याच सतरंजीवर रांगत-लोळत होता. पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्या डबीतला चपटा सेल, सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, त्या आकड्यातच माप आहे, आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला ते माप अगदी बेतल्यासारखं बसतं. अडकला की ओल्या त्वचेतून करंट वाहतो, तिथल्या तिथे कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा क्षार तयार होतो आणि दोन तासात भाजल्यासारखी जखम होऊ शकते. माळ लागत नाही इतका संपलेला सेलही एवढं करायला पुरतो. मूल रडेलच असंही नाही. शंका आली तरी उलटी काढायची नाही, थेट हॉस्पिटलात जाऊन एक्सरे. आम्ही निघालोच होतो, चपला घातलेल्या, तेवढ्यात बायकोने शिवणाच्या डब्यातली टाचण्यांची चुंबकी डबी उचलली तर तिच्या बुडाला चोविसावा सेल चिकटलेला. (हे सेल लोहचुंबकाला चिकटतात. तेव्हापासून शोधायला आधी चुंबक घेतो.)

सगळ्या छोट्या माळा त्याच रात्री बाद. सेलना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंच कपाटात, नंतर ई-कचऱ्यात. बारा घरांत मी स्वतःच्या हाताने हे वाटणार होतो, हा विचार आला की अजून पोटात खड्डा पडतो. विकत घेणार असाल तर स्क्रूचं झाकण असलेलीच डबी बघा, नसेल तर पेन्सिल सेलवालीच घ्या. म्हणजे शेवटी मी त्या आठ मोडवालीचीच शिफारस करतोय, कळतंय मला. त्या दोन स्टारचे तीन केले. बटणामुळे तीनच.

गंमत म्हणजे बिनलाइटच्या बरण्या दिल्या तर एकाही मुलाने लाइट विचारला नाही. आत जाड कागदाची रंगवलेली परी, तळाशी वाळलेली पानं, थोडं मॉस, बस. कागदी पऱ्या हीच अख्ख्या वाढदिवसातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हिट गोष्ट निघाली. कुंड्यांमध्ये पानांआड काडीला चिकटवून पंधरा उभ्या केल्या आणि मुलांना शोधायला सोडलं, पाऊण तास घरात भांडण नाही. फोटोत तर मागे उजेड आणि थोडं धूसर आलं की खऱ्याच वाटतात. १९१७ साली इंग्लंडात कॉटिंगलीला सोळा आणि नऊ वर्षांच्या दोन मामे-मावस-जे-काय बहिणींनी हेच केलं होतं, कागदी पऱ्या हॅटच्या पिनांवर उभ्या करून फोटो काढले आणि भलेभले फसले, कागदाच्या होत्या हे कबूल करायला त्यांनी १९८३ उजाडवलं. आमच्या पऱ्या अजून कुंड्यांत आहेत. दोन पाणी घालून घालून भिजल्या, बाकीच्यांना मी पारदर्शक चिकटपट्टी मारलीय, टकाटक.

पंख. लेकीचे तारेच्या चौकटीवर जाळी ताणून केले, बाकी बारा जोड्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या. मधे एकच दोरी बांधली तर पंख गर्रकन फिरून पोटावर येतात, दोन खांद्यांना इलॅस्टिकच्या दोन वेगळ्या कड्या लागतात, हे मला चार जोड्या वाया घालवून समजलं. खांद्यांपेक्षा फार रुंद करू नका, दारात अडकतात आणि शेजारच्याच्या डोळ्यात जातात. तारेची टोकं आत वळवून वर चिकटपट्टी. आणि पंख लावलेलं मूल खुर्चीत टेकून बसू शकत नाही ही गोष्ट तयार सेटवाले कुठेच लिहीत नाहीत, मी ऐनवेळी खुर्च्या हलवून सगळ्यांना जमिनीवर बसवलं. मुलग्यांचं काय होणार याची मला उगाच काळजी होती, दोघांनी चतुराचे पंख मागितले, एकाने वटवाघळाचे, विषय संपला. पुठ्ठ्याचे आमच्याकडे उरलेले दोन जोड महिनाभरात दुमडून गेले. तारेचे अजून रोज वापरात आहेत, जाळीला एक भोक पडलंय.

जाळीचं कापड मात्र मनापासून पाच स्टार. नायलॉनच्या जाळीला धागे सुटत नाहीत त्यामुळे शिवण नको, दुमड नको. घागरा म्हणजे कमरेच्या इलॅस्टिकला पट्ट्यांच्या गाठी मारायच्या, पट्टी हव्या त्या लांबीच्या दुप्पट कापायची, झालं. मला बटण लावता येत नाही आणि मी घागरा केला. फक्त एक, पेटली तर वितळून अंगाला चिकटते, म्हणून केकच्या मेणबत्त्या लावायच्या आधी सगळ्यांचे पंख आणि लेकीचा घागरा उतरवला. मिनिटभर रडारड झाली. होऊ दे.

छड्या लाकडी काडीच्या करू नका. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात छडी दहा मिनिटांत तलवार होते. वर्तमानपत्राची गुंडाळी, टोकाला फोमची चांदणी.

ग्लिटर आणू नका. कारण विचारू नका, आठ महिन्यांनी माझ्या दाढीत सापडतंय. युरोपियन युनियनने सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणलीय, ती पर्यावरणासाठी, पण मला त्यात घरातल्या केरवाल्याची बाजूही दिसते.

फुगे म्हणजे साबणाचे, सहा कप पाणी, कप भांड्यांचा लिक्विड साबण, चमचाभर ग्लिसरीन, आदल्या रात्री करून ठेवलं तर जास्त टिकतात. फरशीवर नको, घसरतात, बाहेर.

तर परत माळ. ती पांढरी पूड म्हणजे अल्कलाइन सेलमधून गळालेला क्षार, हातमोजे घालून, सेल काढून टाकून, कापसाच्या काडीने व्हिनेगर लावलं की थोडी फेसाळते आणि निघते. मग स्प्रिंग सँडपेपरने घासली, रात्रभर वाळवली. चूक माझी, जुने नि नवे सेल एकत्र घातले होते, काटकसर म्हणून. नवे तीन घातले, बटण दाबलं, लागली. लुकलुकत. दाबलं आठ वेळा.

स्क्रूचं झाकण, पेन्सिल सेल आणि नुसता चालू-बंद खटका असलेली दहा मीटरची माळ कुणी वापरली असेल तर कृपया सांगा. टायमरवाली नको, रिमोटवाली तर नकोच.