हॅवोक, फिजएक्स की जोल्ट? फिजिक्स इंजिन निवडताना मालकाकडे किती बघायचं

थ्रीडी गेमसाठी फिजिक्स इंजिन (वस्तूंचं पडणं, आदळणं, घसरणं यांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) ठरवायला टीम बसली, की हॅवोकचं नाव निघतंच. आणि पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, "पण ते तर मायक्रोसॉफ्टचं ना?" हो, मायक्रोसॉफ्टचंच. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी ते इंटेलकडून विकत घेतलं. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोवरचे कितीतरी गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभे होते, ते एक्सबॉक्सवाल्यांच्या ताब्यात गेलं. गावातली पिठाची गिरणी समोरच्या खानावळवाल्याने विकत घ्यावी, तसला हा प्रकार. पीठ मिळत राहील का आणि कुठल्या भावाने, हा प्रश्न बाकीच्यांना पडणारच.

हा लेख तो प्रश्न पडलेल्यांसाठी आहे. म्हणजे स्वतःचं इंजिन लिहिणारा छोटा स्टुडिओ, किंवा युनिटी, अनरियलसारख्या तयार गेम इंजिनातलं फिजिक्स पुरेनासं झालेली टीम. टूडी गेम करत असाल तर पुढे वाचायची गरज नाही, बॉक्स-टूडी घ्या आणि कामाला लागा. एरिन कॅटो यांनी लिहिलेलं ते इंजिन मोफत आहे, युनिटीचं टूडी फिजिक्सही त्याच्यावरच चालतं आणि २०२४ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते बरंच वेगवान झालंय. अनरियल वापरत असाल आणि त्यातल्या केऑस या फिजिक्स इंजिनाने तुम्हाला अजून छळलेलं नसेल, तर बदलायच्या भानगडीत पडू नका.

उरलेल्यांपुढे खरे पर्याय तीन.

हॅवोक: धसका कशाचा होता आणि झालं काय

हॅवोकचा जन्म डब्लिनचा, १९९८ मधला, ट्रिनिटी कॉलेजच्या दोन संशोधकांच्या हातून. २००४ च्या हाफ-लाइफ २ मध्ये ग्रॅव्हिटी गनने रेडिएटर आणि करवतीची पाती उचलून फेकताना जी मजा आली, तिच्यामागे हॅवोकवर बेतलेलं फिजिक्स होतं. २००७ मध्ये इंटेलने कंपनी सुमारे ११ कोटी डॉलरला घेतली. आठ वर्षांनी ती मायक्रोसॉफ्टकडे गेली, त्या व्यवहाराची रक्कम मात्र जाहीर झाली नाही.

व्यवहार जाहीर करतानाच मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, की लायसन्स सगळ्यांना मिळत राहील, सोनी आणि निन्टेन्डोच्या गेमनाही. अशा आश्वासनावर किती विसंबायचं, हे आधीचा इतिहास माहीत असलेल्याला वेगळं सांगायला नको. २००४ मध्ये ईए या गेम प्रकाशकाने क्रायटेरियन ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिचं रेंडरवेअर हे त्या काळातलं सर्वांत पसरलेलं इंजिन होतं. सॅन आंद्रियासपर्यंतचे थ्रीडी जीटीए त्याच्यावरच बनले. पण आपला पाया प्रतिस्पर्धी प्रकाशकाच्या हातात, हे कुणाला परवडणार? जीटीएवाल्या रॉकस्टारने स्वतःचं इंजिन उभं केलं, इतरांनीही वाटा शोधल्या आणि काही वर्षांत रेंडरवेअर बाजारातून गेलं.

हॅवोकचं तसं झालं नाही. मार्च २०१७ मध्ये ब्रेथ ऑफ द वाइल्ड आला, निन्टेन्डोचा स्वतःचा, त्यांच्याच कन्सोलवरचा, आणि त्याचं फिजिक्स हॅवोकचं. व्यवहाराला तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. २०२३ च्या टीअर्स ऑफ द किंगडममध्ये तर खेळाडू फळ्या, चाकं, पंखे चिकटवून वाट्टेल ती यंत्रं बनवतो, सगळा गेमच फिजिक्सच्या जिवावर. तिथेही हॅवोकच. प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या इंजिनावर निन्टेन्डो आपला सर्वांत लाडका गेम टाकते, याहून बोलका पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. २०१९ मध्ये सोनीने ऑडिओकायनेटिक ही माँट्रियलची कंपनी घेतली. तिचं वाइज हे ध्वनीचं सॉफ्टवेअर निम्म्या गेम उद्योगात पसरलेलं. ते आजही एक्सबॉक्ससाठी मिळतं. कारण साधं आहे. अशा सॉफ्टवेअरची किंमतच सगळीकडे चालण्यात असते, एका कन्सोलपुरतं केलं की घेतलेला माल आपल्याच हाताने निकामी होतो.

मग हॅवोकमध्ये खोट कुठे? लहानांसाठीच्या दारात. इंटेलच्या काळात, २००८ मध्ये, पीसीसाठीचं हॅवोक मोफत उतरवून घेता यायचं. २०१३ मध्ये मोबाइल गेमवाल्यांसाठी प्रोजेक्ट अनार्की आलं, तेही मोफत. आज त्यातलं काही उरलेलं नाही. विक्री विभागाशी बोला, लायसन्स घ्या, मग कोड. युनिटीत हॅवोक हवं असेल तर ते नव्या एन्टिटी पद्धतीत (वस्तूंचा डेटा सलग मांडून एकदम हाताळणाऱ्या) आणि प्रो किंवा त्यावरच्या सदस्यत्वात मिळतं, फुकटवाल्या पर्सनलमध्ये नाही. एकच खिडकी उघडी आहे, ती वेबची. २०२३ मध्ये बॅबिलॉन-जेएस या ब्राउझरमधल्या थ्रीडी इंजिनाच्या सहाव्या आवृत्तीबरोबर ब्राउझरसाठीचं हॅवोक मोफत दिलं गेलं. बॅबिलॉनही मायक्रोसॉफ्टचंच, हे लक्षात घेतलं की त्या उदारपणाचा उलगडा होतो. ब्राउझर गेम करणाऱ्याने मात्र ते निःशंक घ्यावं.

पैसे मोजून मिळतं काय? एक म्हणजे अडलं की फोन उचलणारा इंजिनिअर. दुसरं म्हणजे वीसेक वर्षं मोठ्या गेममध्ये घासून गुळगुळीत झालेला कोड. वस्तूंची उतरंड रचली की हॅवोक मागच्या फ्रेममधली (पडद्यावरच्या आधीच्या चित्रातली) संपर्काची माहिती जपून ठेवतं, त्यामुळे ढीग थरथरत नाही आणि निपचित पडलेल्या वस्तूंवर वेळही जात नाही. युनिटीचं एन्टिटीवालं स्वतःचं फिजिक्स याच्या उलट, दर फ्रेमला पाटी कोरी करून हिशेब मांडणारं. ऑनलाइन गेममध्ये मागे जाऊन पुन्हा चाल खेळायची असेल तर ही कोरी पाटी सोयीची पडते. ढिगाऱ्यांच्या गेमला ती मारक.

फिजएक्स: तुम्ही कदाचित आधीच वापरताय

युनिटीत साधा रिजिडबॉडी (वस्तूला वजन आणि टक्कर देणारा घटक) लावला असेल तर तुम्ही फिजएक्स वापरलंय. याचाही मालक बदलला. एजिया नावाच्या कंपनीने फिजिक्ससाठी वेगळं कार्ड विकून पाहिलं, ते चाललं नाही, आणि २००८ मध्ये एनव्हिडियाने ती कंपनीच घेतली. मग धूर, कापड, ठिकऱ्या असले झगमगाटी परिणाम एनव्हिडियाच्या कार्डावरच जोरात चालू लागले. एएमडीचं कार्ड असलेल्यांनी प्रोसेसरवर भागवायचं. म्हणजे हॅवोकच्या बाबतीत ज्याची भीती होती ते खरं घडलं इथे, आणि ते करणारी कन्सोल कंपनी नव्हतीच.

त्याचं शेपूट २०२५ पर्यंत लांबलं. आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांवरून ३२-बिट कुडाचा (एनव्हिडियाच्या कार्डावर हिशेब चालवायच्या यंत्रणेचा) आधार काढला गेला आणि बॉर्डरलँड्स २ सारखे जुने गेम, ते परिणाम चालू ठेवले तर, महागड्या नव्या कार्डावर अडखळू लागले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये एनव्हिडियाने फिजएक्सचं मोकळं लायसन्स जाहीर केलं, २०२२ मध्ये पाचवी आवृत्ती खुली केली आणि २०२५ मध्ये ग्राफिक्स कार्डावर चालणारा कोडही. कागदावर बघितलं तर आता अडवणूक नाही. पण आवृत्ती ५ चा ओढा रोबोट आणि औद्योगिक सिम्युलेशनकडे आहे, आणि खुल्या रेपॉझिटरीत (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) थेट आधार विंडोज व लिनक्सचा. कार्डावरचा वेग आजही एनव्हिडियाचाच लागतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समध्ये चिप एएमडीची, म्हणजे तिथे त्याचा उपयोग शून्य. एपिकने अनरियल ५ मध्ये फिजएक्स सोडून केऑस आणलं. रोबोटचा हात शिकवायचा असेल तर फिजएक्स डोळे मिटून घ्या. नव्या गेम इंजिनाचा पाया म्हणून आज मी ते घेणार नाही.

जोल्ट: माझा कौल

गंमत बघा, या तुलनेतला सर्वांत ताजा खेळाडू आला तो सोनीच्या घरातून. गेरिला गेम्स हा सोनीच्या मालकीचा ॲमस्टरडॅमचा स्टुडिओ, किलझोनच्या काळात हॅवोक वापरणारा. तिथल्या यॉरिट राऊवे यांनी फावल्या वेळात सुरू केलेलं इंजिन म्हणजे जोल्ट, आणि २०२२ चा होरायझन फॉरबिडन वेस्ट त्याच्यावर निघाला. सोनीने मायक्रोसॉफ्टला दूर करायला हे केलं, अशी चटपटीत गोष्ट जुळवायचा मोह होतो. पण राऊवेंनी मांडलेली कारणं निव्वळ तांत्रिक आहेत. अफाट खुल्या जगात खेळाडू पळत असताना पुढचा प्रदेश मागच्या मागे भरत राहावा लागतो. त्याच वेळी शेकडो ठिकाणांहून "इथे भिंत आहे का?" असली विचारणा फिजिक्सकडे येत असते. एक थ्रेड (प्रोसेसरवर समांतर चालणारं काम) दुसऱ्याची वाट बघत बसला की फ्रेम चुकलीच.

जोल्टची रचनाच या दुखण्यावर बेतलेली आहे. नव्या वस्तू मागच्या थ्रेडवर तयार करून ठेवायच्या आणि शेवटी एका फटक्यात जगात सोडायच्या, याची सोय त्यात मुळापासून आहे. सिम्युलेशन चालू असताना विचारणा करता येते. तेच इनपुट दिलं की तेच उत्तर मिळतं, आणि एक पर्याय चालू करून थोडा वेग सोडला तर वेगवेगळ्या प्रोसेसरवरही तेच मिळतं. स्थिती साठवून परत आणता येते, त्यामुळे ऑनलाइन गेमवाल्यांना हॅवोकइतकं झुंजावं लागत नाही. गाड्या, रणगाडे, रॅगडॉल (बाहुलीसारखी लुळी पडणारी शरीरं), मऊ वस्तू, पात्राची हालचाल, सगळं एका रेपॉझिटरीत, एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली. गोडो या मोफत गेम इंजिनाने मार्च २०२५ च्या ४.४ आवृत्तीत ते आत घेतलं. आधार असलेल्या प्लॅटफॉर्मच्या यादीत 'प्लॅटफॉर्म ब्लू, एक लोकप्रिय कन्सोल' अशी ओळ आहे. गुप्ततेच्या करारामुळे नाव लिहिता येत नाही, पण निळ्या रंगाचं कन्सोल कोणतं हे ओळखायला ज्योतिषी नको.

उणी बाजू: एका माणसावर बराच भार आहे, आणि रात्री अकराला फोन करायला पलीकडे कुणी नाही. इमारती फोडण्याची तयार यंत्रणाही यात मिळत नाही, ती तुम्ही लिहायची. जुना मोफत पर्याय म्हणून बुलेटचं नाव अजून निघतं. सिनेमाच्या आणि रोबोटच्या जगात त्याने मोठं काम केलं, त्याच्या लेखकाला २०१५ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. नव्या गेमला मात्र जोल्ट सोडून बुलेट घ्यायचं कारण मला दिसत नाही.

ठरवण्याआधी करून बघा

डेमो व्हिडिओ बघून ठरवू नका. प्रत्येक इंजिनात तेच तीन प्रसंग उभे करा.

एक किलोच्या पाच पेट्या एकावर एक रचा आणि वर शंभर किलोची ठेवा. ही इंजिनं संपर्काचे हिशेब फेऱ्याफेऱ्यांनी करतात. वरचं वजन खालपर्यंत पोचायला फेऱ्या कमी पडल्या की खालची पेटी दबते, थरथरते आणि मनोरा घसरतो. किती फेऱ्यांना तो स्थिर होतो आणि तेवढ्यात किती मिलिसेकंद गेले, ते लिहून ठेवा.

मग सेकंदाला ५० मीटर वेगाचा चेंडू २० सेंटिमीटर जाडीच्या भिंतीवर मारा. इंजिन सेकंदाला ६० वेळा हिशेब करतं, म्हणजे ६० पावलं टाकतं, असं धरलं तर चेंडू एका पावलात ८३ सेंटिमीटर जातो. म्हणजे एका पावलाला भिंतीच्या अलीकडे, पुढच्याला पलीकडे, आणि टक्कर झाल्याची इंजिनाला खबरच नाही. सतत टक्कर तपासण्याचा पर्याय तिन्हींत आहे. तो सगळ्या वस्तूंना लावला की फ्रेमवर किती ताण येतो, ते बघायचं.

तिसरा प्रसंग म्हणजे सिम्युलेशन चालू असताना पाचशे वस्तू एकदम जगात टाकणं. फ्रेमच्या आलेखात सुळका आला, तर खुल्या जगाचा बेत तिथेच आखडता घ्या.

कन्सोलवर मोठ्या बजेटचा, तारखेला बांधलेला गेम असेल तर मी हॅवोकचे पैसे देईन, मालक मायक्रोसॉफ्ट असूनही. चार-पाच जणांची टीम आणि स्वतःचं इंजिन असेल तर जोल्ट. युनिटीत असाल तर फिजएक्सवर राहा आणि वरच्या पेट्या पडायला लागल्या तरच हला.

कोणतंही घेतलंत तरी त्याचे प्रकार आणि फंक्शन गेमच्या कोडभर पसरू देऊ नका. मध्ये स्वतःचा पातळ थर ठेवा, म्हणजे इंजिन बदलायची वेळ आली तर तेवढाच थर पुन्हा लिहावा लागेल. आणि हॅवोकच्या विक्रीवाल्यांशी बोलायला बसलात, तर आकड्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. लायसन्स एका गेमचं की सगळ्यांचं, दोन वर्षांनी दुसऱ्या कन्सोलवर गेम नेला तर नवे पैसे पडतील का, आणि करार संपल्यावर विकल्या गेलेल्या गेमची दुरुस्ती करायला सोर्स कोड हातात राहील का.