खाडीतल्या मुरिंगवर बोट: ऑक्टोबर ते मे वापरून झाल्यावर

आमची अठरा फुटी फायबर बोट, मागे 40 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, अख्खा हंगाम रेवदंड्याच्या खाडीत मुरिंगवर होती. धक्क्याला जागा मिळणं मुश्कील, आणि मिळाली तरी उधाणाला पाणी तीन मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. दोर सैल-घट्ट करायला तिथे माणूसच बसवावा लागेल. मुरिंगवर ती कटकट नाही. तळाला एक वजन, त्यावर साखळी, वर तरंगता बोया, आणि बोट वारा-पाण्याबरोबर गरागरा फिरायला मोकळी. जो तो पहिल्यांदा विचारतो, खाली किती किलोचा ठोकळा टाकलात? माझं मत विचाराल तर बोट हातची जाते ती बोया ते नाळ (बोटीचं पुढचं टोक) या वरच्या दोन-अडीच मीटरांत.

ठोकळ्याचं आधी उरकतो. काँक्रीटचं पाण्यात चाळीसएक टक्के वजन कमी होतं; आमचा 600 किलोचा ठोकळा खाली साडेतीनशेच्या आसपासच भरतो. चिखलात रुतला की पकड वाढते, आणि इथे कुंडलिका नदीच्या मुखाशी चिखलाला तोटा नाही. त्याला 20 मिमीची पाच मीटर साखळी, जी तळावर लोळत असते; मग फिरकी, म्हणजे साखळीला पीळ पडू न देणारी फिरती कडी; मग बोयापर्यंत 12 मिमीची आठ मीटर. ओहोटीला हे सगळं ताणलं गेलं तर बोटीच्या मागच्या टोकापर्यंत वीस मीटर त्रिज्येचा घेर होतो. शेजारच्याचा घेर यात शिरता कामा नये. जड लाकडी मचवा प्रवाहाचं ऐकतो आणि हलकी फायबर बोट वाऱ्याचं, त्यामुळे दोघे एकाच वेळी वळतील या भरवशावर राहू नये. जागेबद्दल बंदर कार्यालयात आधी विचारलेलं बरं.

आता साखळीपासून बोटीपर्यंतचा दोर. आम्ही 16 मिमीचा तीन पेडी नायलॉन घेतला. नायलॉन ताणला जातो, म्हणून साळावच्या जेट्टीकडे जाणाऱ्या बार्जच्या लाटेचा हिसका क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) थेट बसत नाही. स्वस्त निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो आणि पंख्यात अडकतो, शिवाय उन्हाने त्याची भुकटी व्हायला लागते. तो इथे नको. दोन्ही टोकांना गाठ न मारता डोळा (कायमचा फास) गुंफून घ्या आणि आत थिंबल, म्हणजे दोर घासू नये म्हणून धातूची खोबण, बसवा. गाठीने दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते, गुंफलेल्या डोळ्याने फार थोडी कमी होते. खालचं टोक बोयाच्या कडीला न अडकवता थेट साखळीच्या वरच्या कडीला शॅकलने (पिन असलेल्या यू आकाराच्या कडीने) लावा. बोयाचं काम साखळी वर धरून ठेवणं, बोट ओढणं नव्हे.

नाळेवर दोर जिथे कडेला घासतो तिथे बहुतेकजण बागेच्या पाइपचा तुकडा चढवतात. आम्हीही सुरुवातीला तोच चढवला होता. वारा उठला की दोर त्याच्या आत ताणतो-सुटतो, तापतो, आणि पाइपमुळे ती उष्णता बाहेर पडत नाही. डिसेंबरात पाइप सरकवून पाहिला तर आतले तंतू चकचकीत, कडक झालेले, नखाने टोकरले की सुटत होते. आता ताडपत्रीवाल्याकडून जाड कॅनव्हासची बाही शिवून घेतली आहे. ती ओली राहते, दोर थंड राहतो. मुख्य दोर नाळेच्या खालच्या यू-बोल्टला लावला आहे, तिथे घासायला कड नाही. दुसरा, थोडा लांब दोर वरच्या क्लीटला, सैल. पहिला तुटलाच तर तो भार घेईल. क्लीटखाली डेकच्या आतून लाकडी किंवा स्टीलची पट्टी नसेल तर यातल्या कशाचाच उपयोग नाही, नुसत्या फायबरमधून बोल्ट दातासारखे उपटून येतात.

दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर पाणी पश्चिमेला धावतं, वारा बोटीला उलट ढकलतो, आणि बोट चक्क बोयावर चढून बसते. मग रात्री बोटीच्या तळावर ठोके ऐकत बसा. कडक बोया बदलून मऊ, हवा भरायचा घेतला तेव्हा जेलकोटवरचे (फायबरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरावरचे) ओरखडे थांबले. या एका बदलाला मी पूर्ण गुण देईन.

इंजिन वर उचलून ठेवतो. त्यामुळे बोट वाऱ्यात जास्त डुलते, हे खरं. पण खाली ठेवलं तर थोड्याच दिवसांत त्यावर शंख-शिंपल्यांची वस्ती होते.

बोया पकडताना वारा आणि प्रवाह यांत ज्याचा जोर जास्त, त्याच्या समोरून हळू यायचं. दोर हातात येताक्षणी न्यूट्रल. एकटे असाल तर लाइफ जॅकेट घालूनच पुढे वाका. कोर्लईचे एक जुने तांडेल आमच्या मुलाला म्हणाले, "बाळा, पहिल्या फेरीत नाही जमला तर सोड, बोया कुठे पळून जात नाही." मुलगा ओठंगून बोया खेचायचा, ते तेव्हापासून बंद झालं.

तक्रार आहे ती शॅकलची. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) म्हणून घेतलेल्या दोन शॅकलची पिन फेब्रुवारीपर्यंत लालभडक गंजली, दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "समुद्रात गंजणारच ना!" पिन आपोआप उलगडू नये म्हणून तारेने बांधणं आवश्यक, आणि तार स्टेनलेसची नको, जस्ताच्या शेजारी स्टेनलेस असलं की जस्त आधी खाल्लं जातं.

बोट मेच्या पहिल्या पंधरवड्यातच वर काढली. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आलं, तौक्ते चक्रीवादळ 2021 च्या मेच्या मध्यावर, त्यामुळे मासेमारीबंदीच्या तारखेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. साखळी बाहेर काढून जाडी मोजायला कॅलिपर लावला. वर पाण्याच्या रेषेशी नुसता गंज, पण तळाला जिथे साखळी रोज उचलली-टेकली जाते, तिथल्या 12 मिमीच्या कड्या एका बाजूने झिजून साडेदहावर आल्या आहेत. नऊवर आल्या की बदलायच्या, म्हणून पुढच्या हंगामासाठी तेवढा तुकडा उलटा करून जोडणार आहे.