यामाहा आरएक्स-व्ही३८५: गावच्या बैठकीच्या खोलीत कसा चालेल?

‘होम थेटर’च्या खोक्यावर हजारोंनी वॉट छापलेले असतात आणि बाजूला बारीक अक्षरात पीएमपीओ, म्हणजे क्षणभरच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा. त्या आकड्यावर रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-बॉक्सचा आवाज स्पीकरांना पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर, निवडू नका. या ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) रिसिव्हरचे ७० वॉट ६ ओहमवर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोनच चॅनेल (म्हणजे दोन स्पीकर) चालू ठेवून मोजलेले आहेत. पाचही एकदम गाजले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. तरी बारा बाय पंधराच्या बैठकीला हे भरपूर झाले.

एचडीएमआयचे चार इनपुट, एक आउटपुट, शिवाय ब्लूटूथ. वाय-फाय आणि अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येतो असे भासवणारी पद्धत) नाही. टिनाच्या छताखाली त्यासाठी जास्त पैसे घालू नयेत. फ्री डिशच्या जुन्या बॉक्सची लाल-पांढरी पिन थेट मागे लागते. टीव्हीचा आवाज हवा असेल तर त्याच्या एआरसी (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे परत पाठवणारे) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच केबल लावा आणि रिसिव्हरमध्ये ‘एचडीएमआय कंट्रोल’ चालू करा. बहुतेकांचे इथेच अडते.

स्पीकरला दीड एमएमची तांब्याची वायर पुरते. टोक एक सेंटिमीटर सोला आणि तारा घट्ट पिळा. एक जरी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकली तर ‘चेक एसपी वायर्स’ असे दिसते किंवा रिसिव्हर बंद पडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका! संरक्षण सर्किट सलग तीनदा चालले की तो सुरूच होत नाही, मग सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. उंदराने कुरतडलेली वायरही हाच घोळ करते.

वायपीएओचा, म्हणजे खोलीनुसार आवाज आपोआप जुळवणाऱ्या सोयीचा, माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवा. सबवूफरचा आवाज निम्म्यावर असू द्या. कूलर आणि पंखा बंद करा, नाहीतर ‘ई-५’ म्हणजे गोंगाटाची चूक येते. ‘डब्ल्यू-१’ आले तर स्पीकरची लाल-काळी वायर उलटी आहे का बघा. कधी कधी जोडणी बरोबर असूनही ते येते.

खरी काळजी लाईनची. रब्बीत कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, पंप बंद झाले की उसळते. चांगल्या स्टॅबिलायझरचे पैसे रिसिव्हरच्या किमतीतच धरा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रिसिव्हरमधला ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, त्यावर चालवू नका. मे महिन्यात बंद शोकेसमध्ये तर मुळीच नको: वर एक फूट मोकळे सोडा आणि जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने काढत राहा.